वेचणी : वाचनालयाच्या भिंतीवरच्या एका कागदाच्या नोंदी

८ जून

आज पहिला कागद लागला. वर्तमानपत्रांच्या स्टँडशेजारी जी रिकामी भिंत आहे, तिथं ग्रंथपाल मॅडमनी बारा-अठरा इंची एका कागदापुरती जागा दिली. दर पंधरा दिवसांनी रविवारी कागद बदलायचा. नाव ‘वेचणी’.

सांगलीच्या गावभागात आमचं डीटीपीचं दुकान आहे. पत्रिका, पावती पुस्तकं, लेटरहेड ही कामं करता करता इंटरनेटवर जे चांगलं सापडतं ते मी सहा वर्षं एका वहीत उतरवून ठेवते आहे. कुणी नकाशा केलेला असतो, कुणी फॉन्ट, कुणी चित्र लहान करायचं साधन. मन लावून केलेलं आणि वर सगळ्यांसाठी फुकट ठेवलेलं. रात्री भाच्याला दाखवते, तो “भारीय मावशी” म्हणतो आणि विषय तिथंच संपतो. सांगलीत हे बघून हरखतील अशी माणसं असणारच, फक्त ती माझ्या ओळखीची नाहीत. म्हणून भिंत.

पहिल्या कागदावर नऊ गोष्टी आहेत. प्रत्येकीला एक ओळ आणि एक क्यूआर कोड. छपाई आमच्याच मशीनवर, ग्लॉसी लॅमिनेशन करून.

११ जून

संध्याकाळी तासभर वाचनालयात बसून राहिले. कागदापुढं बरीच माणसं थांबली, पण मोबाइल एकानंही काढला नाही. एका मुलीनं वरच्या दोन ओळी वाचल्या आणि ती स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकाकडं वळली.

निघताना मॅडम म्हणाल्या, “ताई, हे काय आहे ते कळलं. पण घरी जाऊन मी त्याचं काय करू, ते नाही कळलं.”

बरोबर आहे त्यांचं. मी लिहिलं होतं, ‘जगभरातली रेडिओ केंद्रं पृथ्वीच्या एका गोलावर.’ वाचणारा म्हणणार, बरं, असतील. आणि नऊ गोष्टी फार झाल्या. नऊ पदार्थांचं ताट समोर आलं की हात कुठं घालावा कळत नाही.

रात्री वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. प्रत्येक नोंदीपुढं लिहीत गेले की हे सांगलीत कुणाला दाखवायचं. फोटो स्टुडिओवाल्याला, शिवणकाम शिकवणाऱ्या बाईंना, नदीकाठच्या शेतकऱ्याला. निम्म्या नोंदींपुढं कुणीच सुचेना. त्या तशाच बाजूला ठेवल्या.

२२ जून

दुसरा कागद. तीनच गोष्टी, आणि प्रत्येकीखाली ‘हे करून बघा’ म्हणून दोन-तीन ओळी.

पहिली फोटोपी. इव्हान कुत्स्कीर नावाच्या प्रोग्रॅमरनं हा फोटो सुधारायचा प्रोग्रॅम केला. ब्राउझरमध्ये चालतो, फोटोशॉपची पीएसडी फाइल उघडतो, आणि फाइल आपल्या कॉम्प्युटरबाहेर जात नाही. दुसरी वाईच्या मराठी विश्वकोशाचे खंड. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलेलं हे काम आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं, आणि आता ते मोबाइलवर फुकट वाचता येतं.

तिसरीला मी अर्धा कागद दिला. ‘अर्थ’ (earth, म्हणजे पृथ्वी) नावाचा वाऱ्याचा नकाशा. कॅमेरॉन बेकारिओ या माणसानं तो २०१३ साली बनवला. काळ्या पृथ्वीवर बारीक रेषा वाहत असतात, आणि त्या रेषा म्हणजे आत्ताचा वारा. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या संगणकी अंदाजातून आकडे येतात, दर तीन तासांनी बदलतात. नुसता उघडला तरी माणूस बघत राहतो, पण आपल्याला जून-जुलैत त्यात बघण्यासारखी एक खास गोष्ट आहे. म्हणून कागदावर लिहिलं:

‘खाली डाव्या कोपऱ्यातल्या “अर्थ” या शब्दावर बोट लावा. उंचीच्या ओळीत ८५० निवडा. म्हणजे जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर वरचा वारा दिसेल. आता गोल फिरवून आफ्रिकेचा पूर्व किनारा समोर आणा. दक्षिणेकडून आलेला वारा विषुववृत्त ओलांडून सोमालियापाशी वळतो आणि सरळ आपल्याकडं येतो, तो बघा. हाच आपला पाऊस घेऊन येतो. सह्याद्रीला धडकून तो महाबळेश्वरला कोसळतो, आणि तेच पाणी कृष्णेतून आपल्या घाटाला लागतं.’

आज दुपारी दोन मुलं एकाच मोबाइलवर डोकं घालून गोल फिरवत होती. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, “आरं, हे तर थेट आपल्याकडंच यायलंय की!”

२९ जून

मॅडमचा फोन आला, कागदावरचे कोड उघडत नाहीत. जाऊन बघितलं. स्कॅन केलं की भलत्याच एका पानावर ‘मुदत संपली, पैसे भरा’ असं येतंय.

दोष कुठं झाला ते शोधायला रात्रीचे अकरा वाजले. कोड मी एका फुकट कोड बनवून देणाऱ्या साइटवरून घेतले होते. त्या कोडमध्ये वाऱ्याच्या नकाशाचा पत्ता नव्हताच. पत्ता त्या साइटचा स्वतःचा होता, आणि ती पुढं नकाशाकडं पाठवत होती. कोड बनवल्यापासूनची चौदा दिवसांची मुदत संपली, तिनं पुढं पाठवणं बंद केलं. असं असतं हे बनवताना कुठंही ठळक लिहिलेलं नव्हतं. भिंतीवर कागद बघून ज्यानं विश्वासानं मोबाइल काढला त्याच्यासमोर पैशाची मागणी आली, याचं मला फार वाईट वाटलं.

क्यूआर कोड मुळात कधीच संपत नाही. पत्ता त्या काळ्या-पांढऱ्या घरांतच लिहिलेला असतो, मध्ये कुणी लागत नाही. तो बनवायला इंकस्केपसारख्या फुकट प्रोग्रॅममध्येच सोय आहे, इंटरनेटही लागत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. स्कॅन केल्यावर उघडण्याआधी मोबाइल जो पत्ता दाखवतो तो नीट वाचायचा. आपण दिलेला पत्ता दिसला तर कोड आपला.

रात्रीच तिन्ही कोड नवे करून सकाळी कागद बदलला. या वेळी मॅट लॅमिनेशन घेतलं, कारण ग्लॉसीवर ट्यूबलाइटची पट्टी चमकते आणि नेमकी कोडवर पडते.

६ जुलै

गेल्या आठवड्यानं शिकवलं तेच कागदावर आलं. विषय एकच, क्यूआर कोड.

रोज भाजीवाल्या मावशीपासून एसटी स्टँडवरच्या भडंगवाल्यापर्यंत आपण तो स्कॅन करतो, पण त्याच्याकडं नीट बघत नाही. १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी तो बनवला. गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद पटकन व्हावी म्हणून. जेवणाच्या सुट्टीत ते ‘गो’ हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ खेळायचे, त्यातून कल्पना सुचली. कंपनीनं पेटंट घेतलं, पण वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत. म्हणून तो आज सगळीकडं आहे.

तीन कोपऱ्यांतले चौकोन म्हणजे त्याचे डोळे. त्यांच्या मधोमध जाणारी रेघ कुठल्याही दिशेनं मारा, काळं-पांढरं-काळं-पांढरं-काळं यांचं प्रमाण १:१:३:१:१ येतं. हारांच्या लोकांनी छापील मजकूर तपासून सगळ्यात क्वचित सापडणारं प्रमाण शोधून काढलं होतं, म्हणजे यंत्राला दुसरंच काही कोड वाटणार नाही. आणि डोळे तीनच कोपऱ्यांत असल्यानं दिशा कळते, म्हणून कागद उलटा धरला तरी तो वाचला जातो.

भाच्याला घेऊन दुकानाच्या टेबलावर प्रयोग केला. कोड बनवताना दुरुस्तीच्या चार पायऱ्या निवडता येतात, सगळ्यात वरच्या पायरीत साधारण तीस टक्के भाग गेला तरी मजकूर परत जुळतो. आम्ही त्या पायरीचा कोड मोठा छापला आणि मधोमध एक रुपयाचं नाणं ठेवलं. वाचला. दोन नाणी ठेवली. वाचला. मग तेच एक नाणं कोपऱ्यातल्या डोळ्यावर सरकवलं. मोबाइल शोधत राहिला, काही आलं नाही. झाकलेला भाग पहिल्याएवढाच, पण डोळाच झाकला. नाणं उचललं, क्षणात वाचला. भाच्यानं ते आठ-दहा वेळा केलं.

छपाईवाल्यांसाठी दोन ओळी मुद्दाम घातल्या. कोडभोवती चार घरांएवढी पांढरी जागा सोडाच, तिथं वेलबुट्टी नको. आणि पत्ता लांब असेल तर घरं वाढतात. सगळ्यात लहान कोड २१ बाय २१ घरांचा, सगळ्यात मोठा १७७ बाय १७७. पत्रिकेच्या कोपऱ्यात लांबलचक पत्त्याचा कोड पोस्टाच्या तिकिटाएवढा छापला तर घरं एकमेकांत मिसळतात. दुरुस्तीची पायरी वाढवली की पुन्हा घरं वाढतात, म्हणजे हा सौदा समजून करायचा.

१५ जुलै

मार्केट यार्डातले एक हळदवाले काका पाकिटाचं डिझाइन घेऊन आले. पिवळं पाकीट, त्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव. “पिवळा आपल्या हळदीचा, पांढरा शुद्धतेचा,” म्हणाले. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अशा मालाचं नाव हातभर अंतरावरून वाचता येत नाही, हे मला बघवेना.

तोंडी सांगून पटणार नव्हतं. वहीत वेबएम या संस्थेचं रंगांचा फरक मोजायचं पान होतं, तेच त्यांच्यासमोर उघडलं. अक्षराचा एक रंग द्यायचा, पाठीचा दुसरा. ते दोन्हींच्या उजळपणातला फरक एका आकड्यात सांगतं. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१, तेच सगळ्यात जास्त. वेब सगळ्यांना वाचता यावं म्हणून ठरवलेल्या जागतिक नियमांत साध्या मजकुराला निदान ४.५ आणि मोठ्या ठळक अक्षरांना निदान ३ हवा.

पिवळ्यावर पांढरं टाकलं. १.०७ आलं.

काका पुढं सरकले. “आणि लाल?” पिवळ्यावर लाल ३.७. “चालंल की.” नावाला चालेल, म्हटलं, पण मागच्या बाजूची बारीक अक्षरं, वजन, तारीख, त्यांना कमी पडेल. मग मी किरमिजी टाकला. १०.२. काकांनी चष्मा काढला, स्क्रीनपासून लांब दारापर्यंत गेले आणि तिथून मोठ्यानं वाचलं, “हळद पावडर.” परत येऊन म्हणाले, “हेच करा.”

हे आकडे स्क्रीनच्या रंगांचे आहेत. शाईचा पिवळा वेगळा उतरतो, म्हणून प्रूफ काढून उन्हात नेऊन बघितलं. तिथंही किरमिजीच उठून दिसला.

२० जुलै

कागद चौथा. रंगांचं पान, आणि काकांना विचारून पाकिटाचे दोन्ही नमुने शेजारी शेजारी लावले. पाठ पुस्तकात वाचावा तसा समजावून सांगायची गरजच उरली नाही.

२७ जुलै

चार दिवस झड लागली आहे. घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या. दुकानात येणारा प्रत्येक जण आधी आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी विचारतो, मग काम सांगतो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या दुकानाच्या भिंतीवर त्याची रेघ रंगाखालून अजून दिसते.

या कागदासाठी युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रं घ्यायची ठरवली होती. कोपर्निकस ब्राउझर या साइटवर ती कुणालाही बघता येतात. सेंटिनेल-२ साध्या उजेडात फोटो काढतो, म्हणून पावसाळ्यात नुसते ढग. सेंटिनेल-१ रडारचा आहे, त्याला ढगांचा अडथळा नाही. रडारच्या लहरी शांत पाण्यावर पडल्या की आरशावरून घसराव्यात तशा दुसरीकडं निघून जातात, उपग्रहाकडं परत येत नाहीत, म्हणून पाणी काळं दिसतं. २०१९ च्या ऑगस्टातलं चित्र उघडलं तेव्हा हरिपूरच्या बाजूला, जिथं वारणा मिळते, तिथं नदी नव्हतीच. काळा पसारा होता. बराच वेळ हात पुढं जाईना.

वाचनालयात रोज येणारे आबा शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, “पोरी, हे छान हाय. पण आत्ता लावू नगंस. लोकं हे बघत बसतील आणि पुलावर कोण जाणार?” उपग्रहाचं चित्र रोजचं नसतं, काही दिवसांच्या अंतरानं येतं. घर सोडायचं की नाही हे त्यावरून ठरवायचं नसतं. आबांचं ऐकलं. तो कागद पाऊस ओसरल्यावर.

३ ऑगस्ट

त्या जागी दुसरा विषय घेतला, आणि तो आबांमुळंच सापडला.

आबा चाळीस वर्षं छापखान्यात जुळारी होते. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे. माझ्या मागच्या कागदावर त्यांनी पेन्सिलीनं एक गोल काढून ठेवला होता. मी ‘कर्हाड’ छापलं होतं. “आमच्या टायमाला केसमध्ये याचा येगळा खिळा असायचा. तो संपला तर शेजारच्या प्रेसमधनं आणायचो, पण असं नाही लावायचो.”

‘कऱ्हाड’मधला तो अर्धचंद्रासारखा अर्धा र मराठीला रोज लागतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे सह्याद्रीतल्या. सूर्याची किरणं वेगळी आणि सुऱ्यांची धार वेगळी. मी तो कसा चुकवला ते शोधायला बसले, आणि त्यातून वहीत नसलेली गोष्ट हाती लागली.

युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं लिहायच्या जागतिक पद्धतीत, हे अक्षर दोन वाटांनी लिहिता येतं. एक, नुक्ता असलेला ऱ आणि पुढं पायमोडका हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढं एक न दिसणारं जोडचिन्ह. दोन्ही वाटांनी कागदावर तोच आकार उमटतो, डोळ्याला फरक कळत नाही. पण कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. एका वाटेनं लिहिलेलं ‘कऱ्हाड’ दुसऱ्या वाटेनं शोधलं तर बऱ्याच ठिकाणी सापडत नाही. आणि ते न दिसणारं चिन्ह एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना गळालं, की रफार वर चढतो. माझं तेच झालं होतं. मजकूर एका गिऱ्हाइकाच्या मेसेजमधून उचलला, मध्ये चिन्ह गळालं.

कागदावर दोन्ही वाटा मोठ्या अक्षरांत दाखवल्या. मुक्ता फॉन्ट वापरला. एक टाइप या मुंबईच्या मंडळींनी तो केला आहे, सात जाडींत, आणि तो कुणीही फुकट वापरावा अशा परवान्यानं दिला आहे. आणि खाली एक ओळ आपल्या भागाची. १८०५ साली मिरजेत तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून भगवद्गीता छापली गेली. देवनागरी छपाईच्या इतिहासात आपला जिल्हा असा अगदी सुरुवातीला आहे.

आबांनी कागद पूर्ण वाचला. मग खिशातून पेन्सिल काढली, पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं, आणि पेन्सिल खिशात ठेवली.

१२ ऑगस्ट

जुन्या वहीतले सगळे पत्ते तपासले. सहा वर्षांपूर्वीच्या पानांवरचे कितीतरी मेले आहेत. एका कलाकारानं हातानं काढलेल्या चौकटींचा संग्रह होता, तिथं आता भलतीच जाहिरात. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ साली मोजलं होतं, २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. माझी वही बघून ते पटलं.

यापुढं कागदावर काहीही जाण्याआधी ते पान वेबॅक मशीनमध्ये साठवायचं असं ठरवलं. ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली सुरू केलेल्या इंटरनेट अर्काइव्हचं ते काम आहे. पत्ता टाकून ‘सेव्ह पेज नाऊ’ दाबलं की त्या दिवशीची प्रत तिथं राहते. चौकटींच्या संग्रहाचा जुना पत्ता तिथं टाकून बघितला. सगळी चित्रं नाहीत, पण अकरा पानं मिळाली. ती उतरवून घेतली.

२४ ऑगस्ट

गणपती तोंडावर, दुकानात मंडळांच्या पावती पुस्तकांचे ढीग. कागद आठवडाभर उशिरा लागला आणि एकाच गोष्टीचा. ओपनस्ट्रीटमॅप, लोकांनी मिळून केलेला जगाचा नकाशा. त्यात आपल्या गल्लीचं मराठी नाव आपण घालू शकतो. अट एवढीच की दुसऱ्या नकाशातून उचलायचं नाही, स्वतः जाऊन पाटी वाचून यायचं. भाच्यानं खणभागातल्या चार गल्ल्या घातल्या.

३१ ऑगस्ट

कागदाखाली मॅडमनी एक जुना मिठाईचा डबा ठेवला होता, ‘तुम्हाला काय सापडलं?’ असं लिहून. अडीच महिने रिकामा. आज त्यात चिठ्ठी होती. शिवणकामाचे क्लास घेणाऱ्या एका मावशींची. त्यांच्या मुलीनं फ्रीसोइंग नावाची साइट शोधली. अंगाची मापं भरली की ती त्या मापाचं पेपर कटिंग काढून देते, फुकट. आपला कटोरी ब्लाउज तिथं नाही, पण अंगाचा मूळ साचा आहे. ‘छापून बघितलं तर लहान येतंय. तुम्ही छापखान्यावाल्या, सांगाल का?’

दुपारी त्यांना दुकानात बोलावलं. फाइल उघडली. कागदावर एक छोटा चौकोन असतो, त्यावर त्याचं माप लिहिलेलं असतं. त्यांनी आणलेल्या प्रिंटवर टेप लावला, चौकोन कमी भरला. प्रिंट काढताना ‘पानात बसवा’ निवडलेलं राहिलं होतं, त्यानं सगळंच आक्रसलं. मी ते काढून शंभर टक्क्यांवर पुन्हा प्रिंट दिली. पानं चिकटपट्टीनं जोडली आणि टेबलभर पसरली.

मावशींनी गळ्यातला टेप काढला, वाकून चौकोनावर धरला आणि अंगठ्यानं दाबून बघितलं. मग काही न बोलता टेप उचलून छातीच्या रेघेवर ठेवला, तिथून खांद्यावर, तिथून मुंढ्यावर. “मुंढा थोडा उतरवायला लागंल,” म्हणाल्या, “बाकी बरोबर.”

पुढच्या कागदावर त्यांचं सापडलेलं जाणार आहे, चौकोनाची गोष्ट आणि मुंढ्याची दुरुस्ती त्यांच्याच शब्दांत.